टाचेला दिलेला शेक

माझ्या बायकोचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला, त्याला कारण गरम वीट नव्हती. घरात, भावकीत आणि दवाखान्याच्या कागदावर वीटच आहे. ती मी सांगितलेली.

पौडला मी विज्ञान शिकवत असे. निवृत्तीनंतर बायकोचा गुडघा दुखू लागला. फिजिओथेरपीच्या बाई तिला अल्ट्रासाउंडचा शेक देत. जेल लावून यंत्राचं गोल डोकं गुडघ्यावर सतत फिरवत. "काका, हा आवाज कानाला येत नाही, पण आतल्या पेशी हलतात, ऊब येते," त्या म्हणाल्या. "एका जागी धरलं तर मात्र आतून भाजतं." बायकोला साखर आहे, म्हणून गार-गरम कळतंय का, हे त्या आधी तपासत. मी हे सगळं ऐकलं होतं.

एसटीचे हेलपाटे नकोत म्हणून मी तसलंच छोटं यंत्र घरी आणलं. पुढे तिची टाच ठणकू लागली, तेव्हा कुणाला न विचारता टाचेला लावलं.

"लागतंय का?"

"काय बी न्हाई. तुमच्या मशिनीपरीस माजी मिठाची पुरचुंडी बरी."

चटका बसला तरच शेक लागला, असं आमच्याकडे मानतात. मी बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि डोकं टाचेवर दाबून धरलं. आत ठणका होता, पण कातडी साखरेनं बधिर झालेली.

"आता?"

"व्हय, जरा बरं वाटतंय." माझं मन राखायला म्हणाली असेल.

दुसऱ्या दिवशी टाच काळीनिळी झाली, मग चिघळली. डॉक्टरांनी विचारलं, कशानं भाजलं? माझ्या तोंडून निघालं, "हिनं गरम विटेचा शेक घेतला." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

पाय गेल्यावर सून म्हणाली, "आत्या, वीट लावायच्या आधी मामांना तरी इचारायचं."

एकदा जेवताना मी सांगायला तोंड उघडलं. "गप जेवा," बायको म्हणाली. "पाय काय परत यायचाय?" मी जेवलो.

परवा नात चुलीपाशी पाय शेकत बसली होती. सून ओरडली, "मागं सरक! आजीनं असंच येड्यावानी केलं, बघितलंस ना?"

नात मागे सरकली. बायको शेंगा सोलत होती, सोलत राहिली. मी तिथंच बसलो होतो.