रेडिएटरचं पिवळं पाणी

बाबांची गाडी माझ्याहून वयानं मोठी, आणि लाडही तिचेच जास्त. मी तापानं फणफणले तर आई बघायची. गाडीनं नुसतं खाकरलं तरी बाबा अनवाणी अंगणात.

गेल्या वर्षी त्यांच्या लायसन्सची मुदत संपायला महिना उरला, तेव्हा मी सरळच सांगितलं, "बाबा, आता नवं करायचं नाही. डोळे साथ देत नाहीत तुमचे." भांडण होणार म्हणून मी पदर खोचूनच बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "ठीक हाय. पण तुह्या आईले घेऊन एकदा केळापूरच्या देवीले जाऊन येतो. लग्न झाल्यावर पहिल्यांदा याच गाडीनं गेलतो. फक्त टोचन लावून, दुसऱ्याच्या गाडीमागं ओढत परत नाही याचं."

अडचण नेमकी तीच होती. दहा-बारा वर्षांपासून गाडीला तापायची खोड लागली होती. अर्ध्या वाटेत बॉनेटमधून वाफ निघायची. मग रस्त्याकडेच्या एका ठरलेल्या निंबाखाली थांबायचं आणि गाडी थंड होईस्तोवर आईनं डबा सोडायचा. माहेरपणाच्या माझ्या किती दुपारी त्या निंबाखाली दशम्या खात गेल्या, देवीलाच माहीत.

यवतमाळात बाबांचा ठरलेला मिस्त्री आहे, त्यांच्याच शाळेतला जुना विद्यार्थी. त्यानं इंजिनात हात घालून सांगितलं, "सर, वॉटर पंप गेला. पानी फिरूनच नाही राह्यलं. आन् हा पंप आता कुठी भेटत नाही." 'भेटत नाही' हे उत्तर बाबांना वर्गातसुद्धा चाललं नव्हतं. मला सोबत घेऊन त्यांनी स्पेअर पार्टची दुकानं धरली. दुकानदार तो जुना पंप हातात घेऊन आधी हसायचे, मग चहा मागवायचे. चौथ्या चहाला कळलं, की फुलसावंगीला एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागं अशीच गाडी कितीतरी वर्षं उभी आहे.

गाडी होती, पंपही होता. पण बॉनेट उचललं तर इंजिनावर कोंबडी खुडूक बसलेली, पोटाखाली अंडी. शेतकरी म्हणाला, "सर, पंप खुशाल न्या. पण पिल्लं निघू द्या. अजून बारा दिवस हायेत." मुदतीचे उरले होते सोळा. माझं डोकंच फिरलं. बाबा मात्र म्हणाले, "बरोबर हाय तिचं." माझी बाजू त्यांनी इतक्या चटकन कधी घेतलेली मला आठवत नाही.

तेराव्या दिवशी पंप आला, त्याच दिवशी बसला, आणि गाडी बसस्टँडपर्यंत एक चक्कर मारून पुन्हा तापली. हातात तीन दिवस होते. बाबा गाडीवरून फडकं फिरवत राहिले. इतके दिवस मला सगळ्याची गंमत वाटत होती. तेव्हा मात्र फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं रेडिएटर उतरवून वरची टाकी उघडली आणि मला हाक मारली. आतल्या नळ्या पिवळ्या गाळानं गच्च बसलेल्या. त्यानं बोटानं थोडा उकरून वास घेतला. "ताई, हळद हाय हे. रेडिएटर गळत असला तर चमचाभर टाकतात, तेवढ्यानं गळती बंद होते. मीच सरले सांगतलं होतं एकदा. पन हे तं किलोनं दिसून राह्यली. कोनं टाकली एवढी?"

घरी आई कणीक मळत होती. मी हळदीचं विचारलं, तशी वर न बघता म्हणाली, "मी. गावाले जाच्या आधी टाकत होती, चमचा चमचा. एकदा हे टोचन लावून आलते, तं दोन दिवस धड जेवले नाही. मले वाटलं, जास्त टाकली तं जास्त टिकन."

मी बाबांकडे वळले. आता आवाज चढणार, अशी माझी खात्री होती.

"मले माहीत होतं," बाबा म्हणाले. "झाकण उघडलं का पानी पिवळं दिसे."

"मग बोलले काहून नाही?" मी विचारलं.

"ती एवढ्या मनानं टाकून राह्यली, तं कायले बोलू?"

मी कपाळावर हात मारला. यांच्या या गोडव्यापायी मी दहा वर्षं उन्हातान्हात रस्त्यावर बसले होते.

मिस्त्रीनं एकेक नळी सळईनं साफ केली, मूळची गळती झाळून बंद केली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. बाबा चालवायला, आई शेजारी, मागं मी आणि पाण्याच्या दोन कॅन. केळापूर आलं, दर्शन झालं. तापमानाचा काटा जागचा हलला नाही.

परतताना निंबापाशी बाबांनी गाडी बाजूला घेतली.

"तापली का?" मी कॅन उचलली.

"नाही," ते म्हणाले.

आईनं काही न विचारता डबा सोडला. दशम्या खाऊन झाल्यावर बाबांनी हात पुसले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "इथून तू घे." मुदतीचा अजून अर्धा दिवस बाकी होता. मी तसं म्हणालेही. त्यांनी ऐकलं नाही, मागचं दार उघडून बसले. मग आईही पुढून उतरली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली. त्या गाडीत ते दोघं मागच्या सीटवर पहिल्यांदाच बसले असतील.

"काट्याकडं ध्यान ठेव," बाबा म्हणाले.

ठेवलं. यवतमाळ येईपर्यंत मी रस्ता आणि तो काटा, एवढंच पाहत होते. आरशात एकदा जरी मागं पाहिलं असतं, तर मला गाडी चालवता आली नसती.