मालनआत्याची सुई

शेवटच्या दिवशी सकाळी पण आत्यानं पायातला मोजा काढू दिला नाय. एवढं ऊन, अन् महिनाभर मोजा. दवाखान्यात डॉक्टरनं कातरीनं कापला तवा दिसलं. तळव्याला खिळा लागलेला, अर्धा पाय काळा. शुगर व्हती त्यांना.

मी म्हणले, "आत्या, मला सांगायचं ना."

त्या म्हणल्या, "तुला पोळ्या कराव्या लागत्यात माय. हात कशाला घाण करती."

संध्याकाळी गेल्या.

मालनबाई, माझी सासू. गारखेड्यात यायच्या आधी करमाडला मजुरीला जायच्या. बायांच्या पायात बाभळीचे काटे मोडायचे, ते आत्याच काढायच्या. सुई कायम गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला. पाय मांडीवर घ्यायच्या अन् विचारायच्या, "जिव्हारी लागलं का गं?" बाई वरडली की म्हणायच्या, "नवऱ्यावर वरडती तशी वरड की." ती हसायची, तवर काटा बाहेर.

माझ्या श्रेयाच्या साखरपुड्याला पाव्हणे बसले व्हते. शेजारच्या केसरबाईच्या पायात काच गेली, आत्यानं काढली. मग पोळ्या करायला आल्या. मी सगळ्यांपुढं म्हणले, "लोकाचे पाय धरलेले हात पिठाला लावू नका."

हात धुतले व्हते त्यांनी. मी पाह्यलं व्हतं. तरी म्हणले, पाव्हण्यांना दाखवायला. लहानपणी त्यांच्या ओंजळीत लोक वरून पाणी वतायचे, हे मला त्यांनीच सांगितलेलं. तरी म्हणले.

लई जिव्हारी लागलं त्यांना. परात माझ्याकडं सरकवली. तवापासून पिठाला हात लावला नाय, कुणाचा काटा काढला नाय. अन् स्वतःच्या पायात खिळा गेला तर मोजा घालून बसल्या. घरात वास यायला लागला तवा मी फिनाईल टाकून फरशी पुसली. पाय नाय बघितला.

आत्या गेल्यावर पुण्यानुमोदनाला करमाडच्या पारूबाई आल्या, आत्याच्या मजुरीच्या सोबतीण. लंगडत व्हत्या.

"टाचंत काटा मोडलाय गं सरिता. मालन असती तर..."

आत्याच्या फोटोपुढं सुई ठेवली व्हती. ती घेतली, पारूबाईचा पाय मांडीवर घेतला. मला कुठं येतंय. सुई आत गेली तशा वरडल्या, "अगं जिव्हारी लागलं की!"

"वरडा मावशी," म्हणले. लई वेळ लागला. निघाला एकदाचा.

पारूबाईनं जरा वेळ वाट पाह्यली. मग म्हणल्या, "निघाला ना माय. पाय सोड की आता."