फूल उजवीकडे पडलं होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवीपुढे हात जोडतानाही नाही — तिथे तर मुळीच नाही, कारण जे झालं ते तिथेच झालं. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून बरं. ओळखीच्या माणसाला सांगितलं असतं तर संध्याकाळच्या आत निपाणीभर झालं असतं.

गोष्ट गाडीची आहे. छोट्या गाडीची. हसाल तुम्ही — पाच वर्षं पोटात ठेवावं असं गाडीत काय असतं? मीही स्वतःला हेच विचारत आले.

आमचं गाव निपाणीपासून जवळच, तवंदीचा घाट चढला की लगेच. ह्यांचं निपाणीत खत-बियाणांचं दुकान. घरात आम्ही दोघं आणि माझे सासरे, आप्पा. मुलगी लग्न होऊन सांगलीला गेली, आणि मग ह्यांच्या डोक्यात आलं की आता एक गाडी घेऊ या. बेळगावच्या शोरूमला तिघंही गेलो. दोन गाड्या पसंत पडल्या. एक उंच, डब्यासारखी. दुसरी बुटकी, गोलसर. किमतीत फारसा फरक नाही. ह्यांना दोन्ही सारख्याच. ह्यांना भाज्यासुद्धा सगळ्या सारख्याच लागतात.

आप्पांना मात्र उंच गाडी आवडली. त्यांचे गुडघे गेलेले. उंच गाडीचं दार उघडलं, पाठ फिरवली आणि खुर्चीत बसावं तसे ते बसले. "अरिहंता" म्हटल्याशिवाय आप्पा खाली बसले, असं मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. बुटक्या गाडीत बसताना मात्र त्यांनी आधी डोकं वाकवलं, मग कंबर, मग एक पाय हातानं उचलून आत घेतला. बाहेर येताना ह्यांनी आणि शोरूमच्या माणसानं मिळून त्यांना ओढलं. आप्पा हसत म्हणाले, "हिरीतनं काढल्यागत काढलासा की रं."

मग अडचण काय होती? अडचण मी होते.

बुटक्या गाडीला क्लच नव्हता. त्या वर्षी मी ड्रायव्हिंग शिकले होते, म्हणजे क्लासला गेले होते. चढावर गाडी थांबली की माझा डावा पाय घाबरायचा, गाडी बंद पडायची, मागून उसाचा ट्रॅक्टर ओरडायचा. लायसन कसं मिळालं ते विचारू नका, तो वेगळा कबुलीजबाब होईल. शोरूमच्या आवारात ती बिनक्लचची गाडी मी चालवून पाहिली. दोन फेऱ्या मारल्या. गाडी बंद पडली नाही — एकदाही नाही. उतरले ती हसतच, आनंदानं. पन्नाशीला आलेल्या बाईला इतका आनंद होतो? होतो. उंच गाडीही बिनक्लचची मिळत होती, पण ती आमच्या ऐपतीच्या पलीकडची. आणि मी तोंड उघडून "मला ही हवी" असं म्हटलं नाही. का नाही म्हटलं? आप्पांचे गुडघे समोर असताना कुठल्या तोंडानं म्हणणार होते?

आमच्याकडे मोठी गोष्ट ठरवायची तर पद्मावतीदेवीचा कौल घेतात. माझं लग्न कौलावर ठरलं, विहिरीची जागा कौलावर ठरली. आप्पा म्हणाले, गाडीचंही देवीलाच विचारू. गावच्याच देवळात गेलो. उपाध्यांनी पूजा करून देवीच्या माथ्यावर पांढऱ्या शेवंतीचं एक फूल ठेवलं. आप्पांनी हात जोडून सांगितलं, "आई, उजवीकडनं पडलं तर उंच गाडी. डावीकडनं पडलं तर दुसरी."

मग वाट बघणं. फूल कधी लगेच पडतं, कधी तासभर हलत नाही. उपाध्ये मागच्या खोलीत गेले. ह्यांना दुकानातून फोन आला, हे बाहेर गेले. आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तेव्हा व्हायचं होतं, त्यांना देवीचा मुखवटाही धूसर दिसायचा. राहिले मी.

फूल पडलं.

खरं सांगते — मी काही ठरवून गेले नव्हते. फूल पडलेलं पाहिलं आणि पुढे होऊन उचललं, एवढंच. प्रसाद आपण उचलतोच. पण उचलताना मला कळलं होतं की आता ते कुठे पडलं होतं हे एकट्या मलाच माहीत आहे.

"सुमन, बघ गं, कुनीकडनं पडलं? मला काय दिसंना."

"डावीकडनं, आप्पा."

किती सोपं होतं! जीभ अडखळली नाही, देवीचा दिवाही हलला नाही. आप्पांनी ते फूल माझ्या हातून घेतलं, डोळ्यांना लावलं आणि म्हणाले, "बरं. आईच्या मनात तीच हाय."

गाडी आली, आणि मी — सांगू? — मी सुखी झाले. चिकोडीला गेले, बेळगावला गेले, एकदा एकटी सांगलीला लेकीच्या दारात जाऊन हॉर्न वाजवला. मला जायचं कुठे होतं? कुठेच नाही. मला फक्त जायचं होतं.

पहिले काही महिने आप्पाही बसायचे. डोकं, कंबर, मग हातानं उचललेला पाय. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. देवीनं दिलेल्या गाडीची कुरकुर कोण करील? पण हळूहळू ते येईनासे झाले. त्यांची धाकटी बहीण कोगनोळीला असते. दर रविवारी ते बसनं तिच्याकडे जायचे. बसला दांडी असते, ती धरून चढता येतं. पण दारात गाडी असताना म्हाताऱ्याला बसनं पाठवलं तर लोक काय म्हणतील, म्हणून ह्यांनी बस बंद केली. आणि गाडीत बसणं जमेना. मग आप्पाच म्हणू लागले, या रविवारी नको, पुढच्या बघू. आता दोघं बहीणभाऊ फोनवर बोलतात. दोघांनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही सगळी खुशाली कळते.

मी बोलू शकले असते. गाडी बदलू या म्हणायला पाच वर्षांत किती रविवार आले? किमान आप्पांना बसनं जाऊ द्या, एवढं तरी. तेही मी बोलले नाही. बोलताना एखादा शब्द पुढे गेला असता तर — ही भीती. आणि दुसरं म्हणजे गाडी गेली असती.

गेल्या महिन्यात कोल्हापूरहून येताना कोगनोळीत आत वळले, आत्तींकडे, म्हणजे आप्पांच्या त्या बहिणीकडे; त्या आप्पांना अण्णा म्हणतात. त्यांनी चहा दिला, आणि निघताना गाडीच्या खिडकीतून माझा हात धरला. "अण्णाला सांग, तुजी बहीन काय मेली न्हाय अजून. एकदा ये म्हनावं." मी म्हटलं, त्यांचे गुडघे फार दुखतात हो. आत्ती म्हणाल्या, व्हय की, वयच झालं.

घरी आले तेव्हा आप्पा फाटकात उभे होते. रोज सकाळी ते आपल्या पंच्यानं गाडीची काच पुसतात, आणि मी मागे घेताना हातानं "ये, ये" करून दाखवतात. मी निरोप सांगितला. ते हसले, म्हणाले, जाऊ या की कधीतरी. मग त्यांनी विचारलं, घाटात गाडी कशी चालली? मी म्हटलं, छान चालली. आणि खरंच छान चालली होती. तवंदीच्या चढावर काच खाली करून मी गाणं म्हणत आले होते, कोगनोळीहून निघाल्यावर — आत्तींच्या हाताची ऊब हातावर असताना.