रघुवीरबाबांचे करारनामे

करारनामा लिहून घ्यायला आलेल्या माणसांना रघुवीरबाब आधी भांडायला लावत. डिचोलीच्या बाजारात त्यांची एक खोली होती आणि मी त्यांचा टायपिस्ट. गिऱ्हाइकं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसत आत यायची. बाब चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "बसा. आता एकमेकांचे दोष सांगा."

तो गोव्यात घटक राज्याचा आणि मराठी की कोकणी या राजभाषेच्या वादाचा काळ. बाब करार मराठीत लिहीत आणि कोकणीत वाचून दाखवत. म्हणत, "ज्या भाषेत भांडणार, त्या भाषेत तो कळायला हवा."

एकदा मुळगावचा बाबुसो आणि त्याचा जिवलग दोस्त इनास आले. दोघांना मिळून खनिज वाहायला ट्रक घ्यायचा होता. बाबुसोने बायकोचे दागिने मोडले होते, इनासने बोटीवरची नोकरी सोडली होती.

"आमचें उतर पुरो, बाब," इनास म्हणाला. "कागद बँकेक जाय." त्यांना एकमेकांचा शब्द पुरेसा होता; कागद हवा होता तो बँकेला.

"चवथीला ट्रक कोण चालवणार?" बाबांनी विचारलं.

"हांव," इनासने स्वतःकडे बोट दाखवलं.

"आणि नाताळात?"

"मी," बाबुसो म्हणाला.

"लायसन आहे?"

बाबुसो छताकडे बघू लागला.

"बरं. इनास आजारी पडला आणि चालवायला त्याचा मेहुणा आला तर?"

"तो नको!" बाबुसो खुर्चीतून उठलाच. "त्याने स्वतःची स्कूटर विहिरीत घातली!"

"म्हज्या कुन्यादाचें नांव काडूं नाका!" इनास उसळला.

मेहुण्यावरून बाबुसोची सासू निघाली, सासूवरून इनासची फेणी. दोघंही तरातरा निघाले; पण दार एकच आणि अरुंद, त्यात ते दोघं अडकले. शेवटी मीच मागून ढकललं.

"बाब, गिऱ्हाईक गेलं," मी म्हणालो.

"जाऊ दे. ट्रक घेतल्यावर अशी गेली असती, तर दोन घरं बसली असती."

पुढच्या बाजाराच्या दिवशी दोघं एकमेकांकडे न बघता परत आले. बाबांनी पहिलंच कलम मेहुण्याचं घातलं: त्याने ट्रकमध्ये बसावं, स्टिअरिंगला हात लावू नये. बाबुसो खूश झाला. शेवटचं कलम मात्र भागीदारी मोडण्याचं होतं. ट्रक कोणी ठेवायचा, दुसऱ्याला काय द्यायचं, सगळं स्वच्छ. इनासने छातीवर क्रूस काढला. "सुरवातेकच मोडपाचें?"

"आज माया आहे, म्हणून आजच लिहायचं," बाब म्हणाले. "रागात वाटणी धड होत नाही."

ट्रक पुष्कळ वर्षं धावला. मग इनासचं लेकीकडे मडगावला राहायला जायचं ठरलं. दोघांनी ते शेवटचं कलम उघडलं आणि अक्षरशः तसेच वागले. वकील नाही, पंच नाही.

बाब तेव्हा अंथरुणाला खिळले होते. दोघं पेढे घेऊन घरी आले. डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं, तरी बाबांनी एक तोंडात टाकला.

"करार जुळल्याचे पेढे खूप खाल्ले," ते डोळे मिटून चघळत म्हणाले. "मोडल्याचा हा पहिलाच."

आणि त्यांनी दुसऱ्या पेढ्यासाठी हात पुढे केला.