फळी माझ्या हातात होती

डिझेल मेकॅनिकच्या वर्गात दुरुस्त केलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू करताना एक जण फळी घेऊन उभा राहायचा. फूटभर लांबीची लाकडी फळी, एका बाजूला ट्यूबचं रबर ठोकलेलं. डिझेल इंजिन बिथरलं तर किल्ली फिरवून थांबत नाही, वेग वाढत वाढत फुटू शकतं. अशा वेळी हवा आत जाते त्या तोंडावर फळी दाबून धरायची. हवा कोंडली की ते बंद पडतं. वर्षभरात ती कधी वापरावी लागली नव्हती, म्हणून फळी धरणं हे आळशाचं काम समजलं जायचं. त्या दिवशी ते मी मागून घेतलं होतं.

माझा जोडीदार यवतमाळकडचा. वारज्यात सहा जणांच्या खोलीत कॉट घेऊन राहायचा. माझे वडील मार्केट यार्डात हमाल होते. पुण्यात तेव्हा जो तो मुलांना कॉम्प्युटरच्या क्लासला घालत होता. आमच्यासमोर एकच रस्ता होता: ट्रकच्या कारखान्यात अप्रेंटिस. तुकडीतून एकच नाव जायचं होतं. ते आम्हा दोघांपैकी एकाचं असणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

डिझेलचा पंप आम्ही दोघांनीच उघडून जोडला होता. त्याने स्टार्टर मारला. इंजिन लागलं, आणि आवाज चढतच गेला.

"बंद कर!" मी ओरडलो.

"लिव्हर ओढलाय बे! फळी लाव, फळी!"

स्टँड थरथरत होता. धुराड्यातून काळा धूर आला. इंजिनाच्या तोंडापासून मी दोन हातांवर होतो. मी फळी टाकली आणि दाराकडे पळालो.

मागे वळून पाहिलं तेव्हा तो आपलं जर्नल दोन्ही हातांनी त्या तोंडावर दाबून उभा होता. वर्षभराची कामं, सह्या, आकृत्या असलेली ती जाड वही आत ओढली जात होती. इंजिन घुसमटलं, दोन झटके दिले आणि थांबलं. त्याच्या उजव्या तळव्याची कातडी सोलून निघाली होती.

सर धावत आले. "फळीवर कोण होतं?"

मी दाराजवळ उभा होतो. डिझेलच्या टाकीचा कॉक दाराशेजारीच होता.

"हा होता, सर," जोडीदार धापा टाकत म्हणाला. "पण हा टाकीचा कॉक बंद कराले धावला."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "वा! म्हणजे आपल्याला डोकं आहे तर. वर्षभर लपवून ठेवलं होतंत." मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "आणि आपण? जर्नल इंजिनाला खायला घालायचं असतं, असं कुठल्या पुस्तकात वाचलंत? जा, हाताला पट्टी बांधून घ्या."



सर गेल्यावर जोडीदार कॉक बंद करायला गेला. कॉक उघडाच होता. त्याने तो फिरवला आणि म्हणाला, "मले वाटलं होतं, तू याच्यासाठीच धावला."

"भीती वाटली रे."

"वाटते ना. सरले सांगशील?"

"सांगतो."

"तूच सांग. मी नाही सांगत."

जेवणाच्या सुट्टीत मी सरांच्या खोलीत गेलो. टेबलावर कारखान्याचा फॉर्म होता. नावाची जागा कोरी होती. रस्ताभर वाक्य घोकत आलो होतो: सर, मी पळालो होतो.

"बोला."

"सर... त्याचं जर्नल फाटलंय. त्याला नवीन वही मिळेल का?"

सरांनी चष्मा काढला. "जोडीदाराची काळजी करता म्हणजे! बरं वाटलं. देऊ वही." आणि माझ्यासमोरच त्यांनी पेनचं टोपण काढलं. त्यांनी माझं नाव लिहिलं. ते पुरं होईपर्यंत मी तिथेच उभा होतो. तेव्हाही बोलता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी फलकावर नाव लागलं. त्याने ते वाचलं आणि उजव्या हाताला पट्टी होती म्हणून डावा हात पुढे केला. "जा बे. नीट शीक." नंतर सबंध महिना तो त्या नव्या वहीत वर्षभराचं लिखाण पुन्हा उतरवत बसला. मी मागितलेली तीच वही. मी मदत करू का, असं एकदा विचारलं. तो म्हणाला, "अक्षर वेगळं दिसेल."

कारखान्यानंतर मी खराडीला आलो. आज एका आयटी पार्कचे जनरेटर सांभाळतो. या मशिनांची हवा आपोआप बंद होते, फळी लागत नाही. तरी मी एक बनवून घेतली आहे. दुरुस्तीनंतर मशिन पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा ती घेऊन मीच उभा राहतो. हाताखालची माणसं म्हणतात, "साहेब जुन्या जमान्यातले आहेत." मी तसं म्हणू देतो.

तो पुढे वारजे सोडून गेला. कुठे गेला, ते शोधता आलं असतं. मी शोधलं नाही.