हाताला लागतील अशी नावं

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. इराक युद्धाच्या काळात आमच्या मिशिगनमधल्या गावी चर्चच्या आवारातलं जुनं युद्धस्मारक खचलं. मी निवृत्त इंजिनियर. दुरुस्तीचा आराखडा मी केला. युद्धात गेलेल्यांची नावं कोरलेला दगड उंच चौथऱ्यावर चढवायचा, म्हणजे रस्त्यावरून दिसेल.

कामावरचा म्हातारा गवंडी बोलण्याआधी नेहमी तळहाताने दगड पुसायचा. माझा कागद पाहून तो हसला. "इंजिनियरसाहेब, नावं इतकी खाली का कोरलीत? आयांना बाकावर बसून पोरांच्या नावाला हात लावता यावा म्हणून. आता त्यांना शिडी देणार का?"

मी चौथरा खोडला.

उद्घाटनाला व्हीलचेअरवरच्या एका आजींचा हात अलगद भावाच्या नावावर टेकला. "हा बघा आमचा धाकटा!" त्या ओरडल्या आणि सगळं आवार टाळ्यांनी दणाणलं. नावं हाताला लागतील अशी ठेवण्याच्या कल्पनेचं श्रेय पाद्रींनी मला दिलं. मी खुशाल उठून हात जोडले. मागे उभा राहून तो गवंडीच सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होता.

नंतर पार्किंगमध्ये मी त्याला गाठलं आणि थंडीबद्दल बोलत राहिलो. "कल्पना तुमची होती, मला माफ करा," एवढं मात्र म्हणालो नाही.