दोन तासांच्या पेपरला जादा मिनिटं किती?

आमच्या कॉलेजच्या विद्यार्थी मदत कक्षात स्टेपलरच्या पिना संपतात, किस्से संपत नाहीत! मी पुण्याच्या गणिताच्या मास्तरांची मुलगी, सिंगापुरात येऊन डिसकॅल्क्युलियाची जागृती करायला बसले, तेव्हा तर कहरच झाला. डिसकॅल्क्युलिया म्हणजे माणूस चांगला हुशार असतो, पण आकडे काही केल्या डोक्यात बसत नाहीत.

* * *

पहिल्या सभेचं पोस्टर लावलं: 'आकड्यांशी जमत नाही? या! खोली ०४-१७, वेळ १४:३०.' म्हणजे चौथा मजला, सतरावी खोली, दुपारी अडीच.

चिटपाखरू फिरकलं नाही. गणित विभागाचे प्रमुख लिम सर खुशीत म्हणाले, "बघा, आपल्याकडे असं कुणी नाहीच!"

साडेचारला आम्ही बॅनर गुंडाळत होतो. एक मुलगी घामाघूम होऊन आत आली आणि वाक्याला इथलं सिंगापुरी 'लाह' जोडत म्हणाली, "आंटी, सॉरी! पण लिफ्टमध्ये सतरावा मजलाच नाही, लाह!"

आमची इमारत सहा मजली आहे.

ही ईशा, इथल्या बिशान भागातली, डिझाइनच्या डिप्लोमाला. चित्रं अशी काढते की बघत राहावं. सक्तीच्या गणितात मात्र दोनदा नापास. तिसऱ्यांदा उडाली तर कॉलेजच सुटणार होतं.

* * *

मग स्टाफचं ट्रेनिंग. तासभर घसा कोरडा केल्यावर मागच्या रांगेतल्या एका लेक्चररनी हात वर केला. "हे संसर्गाने होतं का? हल्ली पार्किंगमध्ये मलाही माझी गाडी सापडत नाही."

ईशासाठी लिम सरांचं औषध तयार होतं. "रोज पन्नास गणितं सोडव. खलास!"

म्हणजे चष्मेवाल्याला चष्मा काढून पन्नास पानं वाच म्हणण्यासारखंच! मला अस्सा राग आला.

* * *

ईशाचे बाबा मरीन इंजिनिअर. ते तणतणतच आले. "मॅडम, आमच्या घराण्यात गणितात कुणी कच्चं नाही. हिला नुसता आळस! साधा सतराचा पाढा येत नाही!"

"तुम्ही म्हणून दाखवा की," मी म्हटलं.

झोकात निघाले. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस... आणि सातव्या पायरीवर अडकले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच!

"जहाजावर कॅल्क्युलेटर असतो हो," ते घाम पुसत म्हणाले.

"मग तिला का नको?"

त्यांनी परीक्षेतल्या सवलतीच्या अर्जावर सही केली. जाताना लेकीला म्हणाले, "उगाच ओरडत आलो गं तुझ्यावर." ईशा रडली, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा.

* * *

सवलत होती कॅल्क्युलेटरची आणि पंचवीस टक्के जादा वेळेची. पण अर्जात एक रकाना: 'दोन तासांच्या पेपरला जादा मिनिटं किती? विद्यार्थ्याने स्वतः काढून लिहावीत.'

उत्तर तीस. ईशाने लिहिलं पंचवीस. गणित विभागाकडून अर्ज परत: 'आकडेमोड चुकीची.'

दुसऱ्यांदा लिहिलं एकशे पंचवीस. परत!

तिसऱ्यांदा मीच तिला तीस सांगितलं. अर्ज परत आला: 'आकडेमोड अचूक. विद्यार्थिनीस अडचण दिसत नाही.'

* * *

शेवटी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी तिला घेऊन थेट लिम सरांसमोर उभी राहिले. ईशाने तिन्ही अर्ज टेबलावर मांडले.

"सर, चुकलं तरी नाही, बरोबर आलं तरी नाही. मग मी लिहू काय?"

लिम सरांनी तिन्ही अर्ज पुन्हा पुन्हा वाचले. कानापर्यंत लाल झाले. मग कोरा अर्ज ओढला, तो रकाना स्वतःच्या हाताने भरला, सही केली, शिक्का मारला.

बाहेर आल्यावर ईशाने कागद माझ्यापुढे धरला. "आंटी, आता तरी बरोबर आहे ना?"

कागदावर ठळक लिहिलं होतं: 'जादा वेळ: चाळीस मिनिटं.'

"अगदी बरोबर!" मी म्हटलं. "पळ, कुणी खोडायच्या आत लॅमिनेट करून आण!"